हुकलेल्या कॉलेजापेक्षा मिळालेले विद्यापीठ सरस कसे ठरवावे

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागतो, मुलाला ९१ पर्सेंटाइल मिळतात, आणि पुण्याच्या सीओईपी या जुन्या सरकारी अभियांत्रिकी संस्थेत कॉम्प्युटरची शाखा खुल्या गटात ९९.५ च्या खाली फिरकत नाही हे दोन वर्षे ठाऊक असूनही घराला ते त्या संध्याकाळी नव्याने कळते. त्या क्षणापासून पालकांवर एक मोठी बौद्धिक जबाबदारी येऊन पडते. जे मिळणार नाही ते आपल्याला कधी हवेच नव्हते, आणि जे पैसे भरून मिळत आहे ते गुणवत्तेतही वरचढ आहे, हे त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करायचे असते. कोल्ह्याने हे काम द्राक्षांच्या वेलाखाली एका वाक्यात उरकले होते. पण कोल्ह्याला साडू नव्हता, आणि त्या साडूचा मुलगा मुंबईच्या नामांकित व्हीजेटीआयला नव्हता. आपल्याला मात्र तुलनेचा रीतसर तक्ता मांडावा लागेल. डावीकडे आपले खासगी विद्यापीठ, उजवीकडे त्याचे नामवंत प्रतिस्पर्धी, आणि निष्कर्ष आधीच ठरलेला, अशी त्याची मांडणी असावी.

तक्त्याला हात घालण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे नातेवाइकांना कदापि समजावून सांगू नये. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाच्या सीईटीला २०२५ मध्ये चार लाखांहून अधिक मुले बसली होती. त्या हिशोबाने ९१ पर्सेंटाइलच्या पुढे किमान छत्तीस हजार मुले उभी असतात. ही माहिती गावाकडच्या आत्याला देऊन कोणाचेही भले होत नाही. ‘एक्क्याण्णव मिळाले’ एवढेच सांगावे, तिने पेढे मागितले तर द्यावेत, आणि एवढे मिळूनही मुलाने सरकारी कॉलेज ‘घेतले नाही’ असे क्रियापद वापरावे.

आता वयाचा रकाना. सीओईपी १८५४ सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही तीन वर्षांनी थोरली. विश्वेश्वरय्या तिथे शिकले. व्हीजेटीआय १८८७ ची आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान शिकवणारी आयसीटी १९३३ ची. या रकान्यात हार निश्चित असल्यामुळे तो दोन प्रकारे भरता येतो. एक तर वयालाच दोष ठरवावे. दगडी इमारती, उंच छत, जुनी लाकडी बाके, आणि विश्वेश्वरय्यांच्या काळी पायथॉन तरी कुठे शिकवत होते, असे विचारावे. दुसरा प्रकार अधिक प्रौढ आहे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या मातृसंस्थेने पहिले कॉलेज काढले असण्याची दाट शक्यता आहे. विद्यापीठाचा स्वतःचा कायदा विधिमंडळात गेल्या दहा-बारा वर्षांतच संमत झालेला असला, तरी माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘चार दशकांची वैभवशाली परंपरा’ छापलेली आढळेल. तीच तक्त्यात उतरवून घ्यावी. खासगी विद्यापीठ आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठ हे कायद्याने दोन वेगळे प्रकार आहेत, ही सूक्ष्म बाब या टप्प्यावर काढू नये. अभिमत संस्थांनी नुसते ‘विद्यापीठ’ म्हणवून घेऊ नये यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला होता. जो शब्द वापरू नये म्हणून न्यायालयाला सांगावे लागते, त्याला बाजारात किती मोल असेल, याचा विचार मात्र अवश्य करावा.

यानंतर क्रमवारी. हा रकाना सावकाश भरावा, कारण खासगी विद्यापीठाने सर्वाधिक कष्ट इथेच घेतलेले असतात. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीची यादी २०१६ पासून निघते. तिच्या शंभर गुणांपैकी ३० अध्यापन व संसाधनांना, ३० संशोधनाला, २० पदवीनंतरच्या फलनिष्पत्तीला आणि १० सर्वसमावेशकतेला असतात. लोकांच्या मनात संस्थेची प्रतिमा काय आहे, याला उरलेले अवघे १० मिळतात. आपण ज्याला प्रतिष्ठा म्हणतो, साडू ज्याच्या जोरावर दिवाळीत मोठ्याने बोलतो, तिची सरकारी किंमत ही एवढीच. बाकीची बरीचशी आकडेवारी संस्था स्वतःच भरून पाठवते. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा क्रम शोधावा. तो पहिल्या शंभरात नसेल तर खचू नये. शंभराच्या पुढे ही यादी क्रमांक न देता ‘१०१ ते १५०’ असे गट करते, आणि १४९ व्या संस्थेला ‘देशातील अव्वल दीडशेंत’ असे म्हणवून घेण्यास कोणाची हरकत नसते. अभियांत्रिकीच्या यादीत नाव नसेल तर विद्यापीठांच्या यादीत पाहावे, तिथेही नसेल तर नवोपक्रमाच्या यादीत पाहावे. एवढे करूनही हाती काही लागले नाही, तर मासिकांच्या क्रमवाऱ्या आहेत. त्यांत पश्चिम भारतातील उदयोन्मुख खासगी विद्यापीठांपैकी तिसरे, असे काही ना काही सापडतेच. इतकी विशेषणे लावून गाळले की कोणीही पहिल्या पाचांत येतो. माझ्या इमारतीतील वयाची साठी ओलांडलेल्या, डाव्या हाताने लिहिणाऱ्या, दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांत मी पहिला आहे.

परदेशी मोहोर हवी असेल तर तीही मिळते. क्यूएस या संस्थेची जागतिक क्रमवारी निराळी आणि ‘क्यूएस स्टार्स’ हे तारांकन निराळे. दुसऱ्यासाठी विद्यापीठ शुल्क भरून स्वतःचे मूल्यमापन करवून घेते. प्रवेशद्वारावरच्या कमानीत तारे चमकत असतील तर ते कोणते, हे विचारू नये. रात्री दिवे लागले की छान दिसतात. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणीही टिपून ठेवावी. नॅकच्या पाहणी समितीतल्या मंडळींना सीबीआयने २०२५ च्या फेब्रुवारीत लाचेच्या आरोपावरून अटक केली होती, ही बातमी साडूने वाचलेली असू शकते. ते प्रकरण आंध्रातले होते, एवढे उत्तर तयार असावे.

आता नोकऱ्या. मुंबईहून पुण्यात शिरताना रस्त्याकडेच्या फलकांवर कोट घातलेली जी तरुण मंडळी हाताची घडी घालून उभी दिसतात, त्यांच्या डोक्यावरचा आकडा हा त्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याचा असतो. तो तक्त्यात लिहिताना विद्यार्थी या शब्दाचे अनेकवचन वापरावे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ या शब्दप्रयोगातील ‘साहाय्य’ हा शब्द लहान टायपात असतो. आपण तो आणखी लहान करावा. टक्केवारी काढताना छेदस्थानी कोण आहे, हेही पाहू नये. तिथे चारशे मुलांचा वर्ग नसतो, तर ‘पात्र आणि इच्छुक’ विद्यार्थी असतात, म्हणजे ज्यांचा एकही विषय राहिलेला नाही, दहावीपासून ज्यांचे साठ टक्के सुटलेले नाहीत आणि ज्यांनी वेळेत नाव नोंदवले अशी मुले. ही चाळणी इतकी बारीक असते की तिच्यातून उतरलेल्या मुलाला नोकरी न लागती तरच आश्चर्य.

या ठिकाणी एका धोक्याची सूचना देणे मी कर्तव्य समजतो. प्रत्येक संस्थेने एनआयआरएफला दिलेली माहिती पीडीएफच्या रूपात संकेतस्थळावर असते, आणि तिच्यात त्या वर्षी किती जण उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण उच्च शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे ओळीने लिहिलेले असते. मध्यक म्हणजे पगारांच्या चढत्या रांगेत बरोबर मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. फलकावरच्या मुलाला कितीही कोटी दिले तरी हा मधला मुलगा जागचा हलत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांची घाऊक भरती साडेतीन लाखांच्या आसपास होते, हे ज्याला माहीत आहे त्याला हा मधला मुलगा चेहऱ्याने ओळखू येतो. ही पीडीएफ उघडू नये. उघडली गेलीच तर सीओईपीची उघडू नये, कारण दोन्ही शेजारी ठेवल्यावर तक्त्याची पुढची सगळी मेहनत वाया जाते.

शुल्काच्या बाबतीत मात्र आपले विद्यापीठ निर्विवाद पुढे आहे. चार वर्षांचे पंधरा-सोळा लाख हा आकडा मोठा वाटत असेल तर त्याला ‘गुंतवणूक’ म्हणावे. बँकेतला कर्ज विभागही तेच म्हणतो. ‘शंभर टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती’ या घोषणेत ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय सर्वांत जास्त काम करते, आणि वाट्याला आलेले पंधरा टक्के केवळ शिक्षण शुल्कावर, केवळ पहिल्या वर्षी आणि पुढे दहापैकी साडेआठ सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) टिकवल्यास, या अटी पावतीच्या मागील बाजूस असतात. मुलगी असेल तर आणखी एक रकाना तक्त्यातून वगळावा. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, आणि त्याच निर्णयात अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना बाजूला ठेवले. तेव्हा तीच मुलगी कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतून, जवळच्या साध्या विनाअनुदानित कॉलेजात गेली असती तर काय झाले असते, हे गणित घरात कोणी मांडू लागल्यास चहा टाकावा.

उलट बाजूने कोणी बिट्स पिलानीचा दाखला देईल. ‘तीही खासगीच ना?’ हा युक्तिवाद विद्यापीठाचे समुपदेशकही आवडीने करतात, आणि गोव्याचा परिसर जवळ असल्याने तो पटतोही. सावध राहावे. बिट्स आणि वेल्लूरची व्हीआयटी या खासगी संस्था एनआयआरएफच्या यादीत सीओईपीच्या बऱ्याच वर असतात, हे खरे आहे. पण बिट्सला व्यवस्थापन कोटा नाही, तिथे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो, आणि धनादेश घेऊन आलेल्या पालकाला वर्षानुवर्षे परत पाठवल्यानंतर ते नाव झाले. आपण धनादेश घेऊनच निघालो आहोत, त्यामुळे हे उदाहरण आपल्या तक्त्यात बसत नाही.

एवढे सगळे झाल्यावर एक विचित्र अडचण उद्भवते, ती म्हणजे खासगी विद्यापीठाचे काही गुण खरे निघतात. तिथे परीक्षा ठरल्या दिवशी होते आणि निकाल ठरल्या दिवशी लागतो. हे क्षुल्लक वाटत असेल त्यांनी २०१७ आठवावे. त्या साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा एकाएकी निर्णय घेतला, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि अखेर कुलपतींनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केले. अभ्यासक्रम बदलायचा तर खासगी विद्यापीठ तो एका सत्रात बदलते. सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरची माणसे वर्ग ओढत नेतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठही त्याला अपवाद नाही. नामवंत संस्थेत शिकवणे उत्तम असते म्हणून तिथली मुले हुशार निघतात, की हुशार मुलेच आत घेतल्यावर शिकवणे कसेही असले तरी चालून जाते, हा प्रश्न सीओईपीच्या माजी विद्यार्थ्याला विचारून पाहावा. तो हसून रेगाटाच्या (तिथल्या नौकोत्सवाच्या) आणि हॉस्टेलच्या गोष्टी सांगू लागतो, वर्गाच्या नाही. मात्र हे मुद्दे तक्त्यात घेता येत नाहीत. वेळेवर लागलेल्या निकालाचा फलक कोणी लावत नाही, आणि जे विद्यापीठाने स्वतः जाहिरातीत घेतले नाही ते आपण साडूला कोणत्या तोंडाने सांगणार?

परिसर पाहायला गेल्यावर वातानुकूलित वर्ग, तरणतलाव आणि कॅफेची साखळी पाहून यावी, फोटो काढावेत, ब्लेझर घातलेला विद्यार्थी जे दाखवील तेवढेच पाहावे. फाटकाबाहेरच्या टपरीवर मात्र थांबू नये. तिथे तिसऱ्या वर्षाची मुले वडापाव खात उभी असतात, आणि त्यांना विचारले तर खरे सांगण्याचा त्यांचा कल असतो. त्यातला एखादा असेही सांगेल की बाकी सगळे जेमतेमच आहे, पण सिग्नल्स अँड सिस्टिम्सला एक सर आहेत, कंत्राटावर आहेत, संध्याकाळी सातपर्यंत लॅबमध्ये थांबतात आणि त्यांच्यामुळे तो विषय डोक्यात शिरला. हे लिहून घेऊ नये. आपल्या तक्त्यात शिकवण्याचा रकानाच नाही, आणि उजवीकडच्या संस्थांसाठीही तो आपण काढलेला नव्हता.

घरी पोहोचेपर्यंत विद्यापीठातून फोन येईल. शाखेत आता चारच जागा शिल्लक आहेत आणि आज सहा वाजेपर्यंत पन्नास हजार भरून सीट ब्लॉक करावी, असे सांगितले जाईल. प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत द्यायचे याचे युजीसीचे परिपत्रक असते, ते त्या वेळी आठवू नये. बोलणारा माणूस समजावून सांगण्यात फार वाकबगार वाटेल. आपला बावळट प्रश्नही तो नीट ऐकून घेईल, उदाहरण देईल, मग ‘लक्षात आलं ना?’ असे सवयीने विचारील. सर, आपण तिथे काय शिकवता, असे त्याला विचारू नये. महिनाअखेरपर्यंत त्याला अजून अकरा प्रवेश आणायचे आहेत.