प्रश्न विचारून बाई गप्प का राहतात?

परवाच्या पालकसभेत एका आईने विचारलं, "बाई, पोरगा सांगतो, तुम्ही प्रश्न विचारता आणि मग नुसत्या उभ्या राहता. असं का करता?" मागे रांग लागली होती, म्हणून तिला दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी झाले. पण प्रश्न इतका नेमका होता की अजून डोक्यातून गेलेला नाही. तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे लिहिते आहे. शिक्षक मित्रमैत्रिणींनी वाचावं आणि पटलं नाही तर खुशाल भांडावं.

मुंबईतल्या एका मराठी शाळेत मी गेली १९ वर्षं विज्ञान शिकवते. सकाळचं अधिवेशन, ३५ मिनिटांचा तास, वर्गात ५४ मुलं. काही वर्षांपूर्वी एका तासाला मी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि घरी जाताना लोकलमध्ये ते ऐकलं. त्या एका तासात मी ४१ प्रश्न विचारले होते. मोठ्या हौसेने मोजले. मग लक्षात आलं की त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली आहेत. मुलांना तोंड उघडायलाही वेळ दिला नव्हता. उरलेली उत्तरं पहिल्या दोन बाकांवरच्या त्याच चार-पाच मुलांची. बाकीचे वर्गात होते की नव्हते, रेकॉर्डिंगवरून कळायला मार्ग नव्हता. कुर्ला येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून त्यांना दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलं लांब उत्तरं देतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. त्यांनी आणखी एक थांबणं सांगितलं, ते आपण जवळपास विसरलोच आहोत. मुलाने उत्तर दिल्यावरही थांबायचं. लगेच "शाब्बास" किंवा "चूक" म्हणायचं नाही. कारण मुलाचं बोलणं बऱ्याचदा संपलेलं नसतं, "कारण..." म्हणून ते पुढे काही सांगणार असतं आणि आपण मध्येच तोडतो.

तीन सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. वर्गात ५४ चेहरे आपल्याकडे बघत असताना मनात एक, दोन, तीन मोजून बघा. पहिल्या आठवड्यात माझ्या तळहाताला घाम यायचा.

आता एक तास सविस्तर सांगते. जुलै महिना, सहावीचा वर्ग. स्टीलच्या ग्लासात पाणी आणि बर्फ घालून टेबलावर ठेवला. मुंबईची दमट हवा, पाच मिनिटांत ग्लास बाहेरून थेंबांनी भरला. विचारलं, "हे पाणी आलं कुठून?" आणि थांबले. आधी प्रत्येकाने वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपलं उत्तर लिहायचं, मग शेजारच्याला सांगायचं. आमचे बाक हलवता येत नाहीत, म्हणून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्यांनी मागे वळायचं. चार-चार जणांचे गट आपोआप होतात, एक मिनिटही जात नाही.

बहुतेकांनी लिहिलं होतं, आतलं पाणी झिरपलं. माठ झिरपतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे हे उत्तर मूर्खपणाचं अजिबात नाही. खिडकीजवळच्या गटात एक मुलगी म्हणाली, "स्टीलला कुठे भोकं असतात? मग गॅसवर ठेवलेल्या टोपातून पाणी खाली का पडत नाही?" समोरचा म्हणाला, "बारीक असतात, दिसत नाहीत." दोघंही हट्टाला पेटली. मी मध्ये पडले नाही, फक्त एकच शब्द विचारला, "कशावरून?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कधीही हात वर न करणारा एक मुलगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "पाण्यात कोकम टाकूया. झिरपलं तर बाहेर लाल येईल."

हे मी सुचवलं नव्हतं. पुस्तकातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोकम आगळाची बाटली आणि घरचा डिजिटल काटा घेऊन गेले. ग्लासात आगळ, पाणी, बर्फ, वर बशी. बाहेर आलेले थेंब स्वच्छ, बिनरंगाचे. एकीने बोटावर थेंब घेऊन चाटूनही पाहिला आणि "आंबट नाहीये!" म्हणून ओरडली. ग्लासाचं वजन कमी होण्याऐवजी चार ग्रॅमने वाढलं होतं. म्हणजे पाणी बाहेरूनच येऊन ग्लासावर बसत होतं. "हवेतून?" कोणीतरी विचारलं आणि अख्खा वर्ग एकदम बोलू लागला. त्यानंतरच मी फळ्यावर 'संघनन' हा शब्द लिहिला. तोवर त्या शब्दासाठी त्यांच्या डोक्यात जागा तयार झालेली होती. आधीच्या वर्षांत मी शब्द आधी लिहायचे, व्याख्या उतरवून घ्यायचे, आणि परीक्षेत निम्मी मुलं 'बर्फामुळे ग्लास झिरपतो' असं लिहायची.

बी.एड.ला आपण सगळे लेव वायगॉट्स्की शिकलो. ३७व्या वर्षी, १९३४ साली, क्षयाने गेलेला हा रशियन मानसशास्त्रज्ञ. मुलाला आज जे एकट्याने जमत नाही पण कोणाच्या मदतीने जमतं, तिथे त्याचं शिकणं घडत असतं, असं त्याचं म्हणणं. ही मदत मोठ्या माणसाची असेल तशीच थोड्या पुढे गेलेल्या सोबत्याचीही असेल. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पेपरात बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे ३० प्रश्न असतात. वायगॉट्स्कीच्या याच कल्पनेचं इंग्रजी लघुरूप झेडपीडी; 'झेडपीडी ही संकल्पना कोणाची?' याला आपण बिनचूक खूण करतो. मग नोकरी लागते आणि वर्गात पहिलं वाक्य तोंडून निघतं ते "शेजाऱ्याशी बोलू नका". मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या सोबत्याकडून मूल शिकणार, त्याच्याशी बोलणं हाच आपल्याकडे गुन्हा.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनाही १९९०च्या सुमारास हेच दिसलं. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण साध्या संकल्पनेवरच्या प्रश्नात अडखळत. मग ते व्याख्यान थांबवून एक प्रश्न टाकू लागले. आधी ज्याने त्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा निवडायचं. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरं वाढत. ज्याला गोष्ट आत्ताच कळली आहे त्याला आपण कुठे अडकलो होतो ते आठवत असतं. शिकवणाऱ्याला ते अडकणं विसरायला होतं. माझ्या वर्गात कोणाच्या घरी मालवणी बोलतात, कोणाच्या घरी भोजपुरी, कोणाच्या तेलुगू. "स्टीलला कुठे भोकं असतात?" हे वाक्य माझ्या पुस्तकी वाक्यापेक्षा त्यांच्यात लवकर पोचतं.

मात्र 'गटात बसा आणि चर्चा करा' म्हटल्याने चर्चा होत नाही, हेही तितकंच खरं. एक हुशार मूल बोलतं, बाकीचे उतरवून घेतात. म्हणून आधी लिहिणं मी कधीच सोडत नाही. चूक असो, बरोबर असो, आपलं मत आपल्या अक्षरात आलं की मूल त्याच्या बाजूने उभं राहतं. आणि मी ज्याचं नाव घेईन त्याने स्वतःचं उत्तर सांगायचं नसतं, शेजाऱ्याचं सांगायचं असतं. "ती म्हणते की..." एवढ्या आडोशाने लाजरी मुलं बोलती होतात, आणि शेजाऱ्याचं नीट ऐकून घेणंही भाग पडतं.

सगळ्यात अवघड होतं ते चेहरा सांभाळणं. मुलं उत्तर पुस्तकात शोधत नाहीत, आपल्या चेहऱ्यावर शोधतात. भुवई हलली की उत्तर बदलतात. त्यामुळे "कशावरून?" मी बरोबर उत्तरालाही विचारते. सुरुवातीला मुलं दचकून "नाही नाही, चुकलं" म्हणायची. आता कारण सांगतात.

पोर्शन कसा पुरा होणार, असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी रोज हे करत नाही. मूलद्रव्यांच्या संज्ञा, एककं, आकृतीतली नावं यांवर चर्चा कसली करायची? ती सरळ सांगायची, पाठ करून घ्यायची. पण जिथे मुलांच्या मनात आधीच एक पक्कं, चुकीचं उत्तर बसलेलं असतं, तिथे नुसतं सांगून ते हलत नाही. अशा जागा वर्षाला पंधरा-वीस निघतात, आणि तेवढ्यांसाठी वेळ काढलाच पाहिजे.

एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या शेऱ्यात 'वर्गनियंत्रण कमी' असं लिहिलं होतं. मुलं तेव्हा नाणं बुडतं आणि लाकूड तरंगतं यावर भांडत होती. त्यांनी दारातून ऐकलं, आत येऊन कोणाला एक प्रश्नही विचारला नाही. तो शेरा मला फार लागला. पुढचं वर्षभर मी वर्ग गप्प ठेवला. ते वर्ष त्या मुलांचं मी वाया घालवलं, असं आजही वाटतं.

कोकमच्या तासानंतर चार दिवसांनी एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. तिची आई मासळी विकते. म्हणाली, "बाई, आई म्हणते, पत्र्याच्या डब्यात बर्फ ठेवला की डबा बाहेरून ओला होतो, पण थर्माकोलच्या पेटीला थेंब येत नाहीत. बर्फ तर दोघांत असतो. मग का?" पुढच्या तासाला मी तिलाच प्रश्न मांडायला लावलं. मुलांनी वहीत लिहिलं, मागे वळली, बोलणं रंगात आलं आणि घंटा झाली. फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून चौकट आखली, खाली 'पुसू नये'. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर प्रश्न जागेवर होता, आणि खाली अनोळखी अक्षरात, दुपारच्या अधिवेशनातल्या कोणीतरी लिहिलं होतं: 'थर्माकोल बाहेरून गार लागत नाही. हात लावून बघा.'