‘प्रॉडक्शन पाहिलेलं दिसत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला

डेव्ह (आपलं मशीन), स्टेजिंग (चाचणीची जागा) आणि प्रॉडक्शन (खरे लोक वापरतात ती जागा) इथे लॉगची लेव्हल, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच्या नोंदी किती बारकाईने लिहायच्या ते, कशी ठेवायची यावर मी लेख लिहिला होता; प्रॉडक्शनला डीबग, म्हणजे फार बारीक नोंदींची लेव्हल, बंद ठेवा असं त्यात होतं. त्याखालची तुमची कमेंट काल रात्री वाचली, लगेच उत्तर टाईप केलं आणि खोडलं, कारण ते फारच तिखट झालं होतं. हे दुसरं, जरा निवळलेलं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) मधला स्प्रिंगप्रोफाइलचा टॅग, कुठल्या जागी कुठलं सेटिंग लागू ते सांगणारा, मी लॉगच्या सेटिंगच्या ‘लॉगबॅक डॉट एक्सएमएल’ फाइलमध्ये दाखवला होता, तो तिथे चालत नाही, ती फाइल फार लवकर लोड होते म्हणून नाव ‘लॉगबॅक-स्प्रिंग डॉट एक्सएमएल’ लागतं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. (लेखातल्या बाकी फाइली बरोबर आहेत, त्यावर मात्र कोणी बोलत नाही.)

आता त्या वाक्याकडे येतो. “प्रॉडक्शनला डीबग बंद ठेवा असं सांगणाऱ्याने प्रॉडक्शन पाहिलेलं दिसत नाही.” अहो, ही काय बोलायची पद्धत झाली? सल्ला चुकीचा आहे म्हणा, का चुकीचा ते सांगा, मी ऐकून घेईन, पण मी काय पाहिलंय नि काय नाही हे तुम्हाला कुठल्या लॉगमध्ये दिसलं?

लॉगफोरजे (जावाची लॉग लिहायची लायब्ररी) 1.2 च्या प्रॉपर्टीज फाइली, म्हणजे सेटिंगच्या फाइली, हाताने लिहायचो तेव्हापासून मी हेच करतोय. 2021 च्या डिसेंबरात लॉगफोरशेल, म्हणजे त्याच लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड, समोर आलं तेव्हा कुठल्या सर्व्हिसच्या पोटात तिचं कुठलं जार (लायब्ररीची फाइल) दडलंय ते शोधत बसलेल्यांपैकी मी एक, लायब्ररीचं 2.15 व्हर्जन टाकलं तर म्हणे पुरेसं नाही, मग 2.16, मग 2.17, प्रत्येक वेळी सगळं परत डिप्लॉय. हे प्रॉडक्शन नव्हतं तर काय होतं?

आणि डीबगचं म्हणाल तर ऐका. एका प्रोजेक्टमध्ये एक बग फक्त प्रॉडक्शनलाच यायचा, डेव्हला नाही, स्टेजिंगला नाही. वरून फोन आला, डीबग चालू करा. केला. त्यासाठी सर्व्हिस रीस्टार्ट मारावी लागली आणि रीस्टार्टनंतर बगच गायब, पण डीबग तसाच चालू राहिला, बंद करायचं कोणाच्या लक्षात नाही. डॉकरचा (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या डब्यात चालवणारं साधन) जेसन-फाइल ड्रायव्हर, म्हणजे लॉग फाइलमध्ये लिहिणारा भाग, मॅक्स-साइझ (कमाल आकार) दिली नाही तर लॉग वाढवतच जातो, आम्ही दिली नव्हती. पहाटे डिस्क फुल. त्याच डिस्कवर डेटाबेस, म्हणजे तोही आडवा. आणि साफ करायला लॉग उघडला तर लॉगिनच्या रिक्वेस्टची अख्खी बॉडी आत, पासवर्डसकट. असं मोठमोठ्यांचंही होतं, ट्विटरने 2018 च्या मे महिन्यात याच कारणासाठी 33 कोटी लोकांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, हॅश व्हायच्या, म्हणजे न वाचता येण्याजोगे व्हायच्या, आधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये पडत होते. म्हणून मी लिहितो की डेव्हला डीबग, स्टेजिंगला प्रॉडक्शनसारखंच, आणि प्रॉडक्शनला रूट लेव्हल (सगळ्यांना लागू होणारी) इन्फो, म्हणजे डीबगपेक्षा कमी नोंदी, त्याखाली नाही. हे पुस्तकातून आलेलं नाही.

राहिलं तुमचं बाकीचं. ‘रीस्टार्ट न करता लेव्हल बदलता यायला हवी’ – स्प्रिंग बूट 1.5 पासून अ‍ॅक्च्युएटरमध्ये (चालू प्रोग्रॅमवर नजर ठेवायच्या भागात) लॉगर्सचा एंडपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच लेव्हल बदलायचा पत्ता, आहे, मला माहीत आहे, लेख नवशिक्यांसाठी होता म्हणून घेतला नाही. (हो, त्या रात्री तो आमच्याकडे असता तर एका पॅकेजपुरताच डीबग लावून पाच मिनिटांत परत काढता आला असता. पण तो वेगळा विषय.) ‘फाइल कशाला, स्टँडर्ड आउटपुटला लिहा’ (म्हणजे थेट प्रोग्रॅमच्या स्क्रीनवरच्या आउटपुटमध्ये) – कंटेनर असेल तर लिहा, कोणी अडवलंय? कोरिलेशन आयडीवर (एका रिक्वेस्टच्या सगळ्या नोंदी जोडणारा आयडी) एक शब्द नाही म्हणता, तर लेखाचं शीर्षक परत एकदा वाचा, त्यात ‘लेव्हल’ हा शब्द आहे. आणि एकच कॉन्फिग ठेवून लेव्हल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) द्यायची हे छान आहे, मीही नव्या प्रोजेक्टमध्ये तेच करतो, पण म्हणून प्रोफाइलवाली पद्धत ‘म्युझियममध्ये ठेवा’ असं म्हणायची गरज नव्हती.

कमेंट काढत नाहीये, राहू दे. फक्त शेवटी तो हसणारा इमोजी टाकलाय, तो कशासाठी ते तेवढं सांगा.