आतलं माप

गेली वीस मिनिटं मी मोबाईलची काच पुसतेय. काच पहिल्या दोन मिनिटांतच स्वच्छ झाली होती, पण पुसणं थांबवलं की फोन लावावा लागेल आणि फोन लावला की पैसे मागावे लागतील, तेही माझेच, त्यामुळे आता मी कडा पुसायला घेतल्यात. बिल दिलं त्याला आज ७४ दिवस झाले. ठरले होते ३०. पहिले ३० सभ्यपणात गेले, पुढचे ३० "लगेच आठवण केली तर बरं दिसत नाही" यात गेले आणि उरलेले १४ काच पुसण्यात.

नोकरी सोडली तेव्हा ऑफिसातल्या एक सिनिअर मॅडम मला म्हणाल्या होत्या, "पैसे मिळोत न मिळोत, पण धंद्यात माणूस म्हणून खूप वाढशील बघ." तेव्हा मला वाक्याचा दुसरा अर्धा भाग एवढा आवडला की पहिल्याकडे लक्षच गेलं नाही. आता रोज जातं.

तर माझा खोक्यांचा धंदा आहे. हसू नका, रिकाम्या खोक्यांचा. कोरुगेटेड बॉक्स. दोन सपाट कागदांच्या मधे एक लाटालाटांचा कागद चिकटवला की झाला तीन प्लायचा बोर्ड, अजून एक लाट आणि एक सपाट वाढवला की पाच प्लाय. गंमत म्हणजे हा लाटांचा कागद मुळात खोक्यांसाठी नव्हताच. १८५६ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं ते पुरुषांच्या उंच कडक टोप्यांना आतून अस्तर लावायला, आणि पुढे १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सनं तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरायचं पेटंट घेतलं. म्हणजे आमच्या मालाचा जन्मच टोपी घालण्यासाठी झालाय. हे मला आधी माहीत असतं तर पहिल्या वर्षी लागोपाठ तीन पार्ट्यांनी मला घातली त्याचं इतकं वाईट वाटलं नसतं.

पहिल्या वर्षी मी रेट कसा सांगायचे हे आठवलं तरी कान गरम होतात. रेट सांगायचे आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचे, "पण बघू आपण, कमी-जास्त करता येईल." जास्त कुठून करता येणार होतं देव जाणे. एकदा तर कहर झाला. रेट सांगितला, समोरचे गृहस्थ नुसते खोकले, मी पाच टक्के उतरले. ते परत खोकले, मी अजून तीन टक्के उतरले. मग त्यांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकली आणि म्हणाले, "सॉरी, हवामान बदललंय, हां, काय म्हणत होता रेटचं?" खोक्यांच्या धंद्यात खोकल्याला डिस्काउंट देणारी मी बहुतेक एकटीच असेन.

मग नवऱ्यानं माझा क्लास घ्यायला सुरुवात केली. तो पगारदार माणूस आहे त्यामुळे धंद्याबद्दल त्याची मतं एकदम पक्की आहेत. "रेट सांग आणि गप्प बस. मनात दहा आकडे मोज. जो आधी बोलेल तो हरला." रात्री जेवणं झाली की तो कस्टमर व्हायचा आणि मी मी व्हायचे. मी रेट सांगायचे, तो माझ्याकडे बघत बसायचा, मी चारपर्यंत मोजायचे आणि मला हसू यायचं, नाहीतर मी म्हणायचे, "अरे काय बघतोस असा, घे ना दहा टक्के कमी." घरच्या घरी, काल्पनिक ऑर्डरवर, स्वतःच्या नवऱ्याला डिस्काउंट. तो म्हणाला तुझं काही खरं नाही. मी म्हटलं घेतलेस ना पण?

आणि त्यात परत ते "सर आहेत का?" हा एक वेगळाच छळ. फोन उचलला की पहिलं वाक्य तेच. सुरुवातीला मी समजावून सांगायचे की मीच बघते सगळं. मग कंटाळून म्हणायला लागले, "एक मिनिट हं," फोन बाजूला धरायचे, पाचेक सेकंद थांबून त्याच आवाजात, "हां बोला, सर बोलतेय." एकानंही शंका घेतली नाही. ही वाढ म्हणायची की घसरण ते मला माहीत नाही, पण काम होतं.

पण वाढ वाढ ज्याला म्हणतात ती झाली मामांमुळे. मामा माझे मशीन ऑपरेटर. मशीन सेकंडहँड घेतलं तेव्हा त्याच्याबरोबरच आले, वॉरंटी नव्हती, मामा होते. मला "ताई" म्हणतात आणि माझ्यावर विश्वास ठेवतात असं दाखवतात.

ऑर्डर होती पत्र्याच्या गोल डब्यांच्या खोक्यांची. एका डब्याचा व्यास ८० मिलीमीटर, एका खोक्यात १२ डबे, चार बाय तीन. ऐंशी चोक तीनशे वीस, ऐंशी त्रिक दोनशे चाळीस, वर माझी हुशारी म्हणून दोन्हीकडे २ मिलीमीटर सूट, झालं ३२२ बाय २४२. नग २०००. तोवरची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर, मी कागदावर माप लिहून मामांपुढे धरलं.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, हे आतलं की बाहेरचं?"

आता इथं मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकते पण ते खरं नाही. मला प्रश्न अर्धा कळला होता. पण आजूबाजूला दोन नवीन पोरं उभी होती, मी नुकतंच कुठंतरी वाचलं होतं की लीडरनं ठाम दिसलं पाहिजे, म्हणून मी ठाम दिसले. म्हटलं, "मामा, माप म्हणजे माप."

मामांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि मशीन सुरू केलं.

आता तीन प्लायची एक भिंत साधारण ३ मिलीमीटर जाड असते. खोक्याला समोरासमोर दोन भिंती. ३२२ जर बाहेरून धरलं तर आतून उरतात ३१६, आणि डब्यांना हवेत ३२०. हा हिशोब तिसरीतल्या मुलाला जमतो. मला तो जमला माल पोचल्यावर, त्यांच्या पॅकिंग डिपार्टमेंटमध्ये उभं राहून. तीन ओळी आत गेल्या, चौथी काही केल्या जाईना. त्यांच्या एका पोरानं गुडघा टेकवून दाबून बसवली तर खोकं पोट सुटल्यासारखं फुगलं, मग जरा वेळानं टप्प असा आवाज आला आणि एका कोपऱ्यातून डबा बाहेर डोकावला. २००० खोकी. सगळी अगदी सारखी, एकाच मापाची, क्वालिटी उत्तम.

या आमच्या लायनीतच एक चूक फार नावाजलेली आहे. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर म्हणून एक कागदी पिशव्या करणारा होता, १८७९ च्या सुमारास त्याच्याकडे मशीनवरची घडी पाडायची पट्टी सरकली आणि घडीच्या जागी पिशव्या कापल्याच गेल्या. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं की एकाच फटक्यात कापता पण येईल आणि घडी पण पाडता येईल, आणि आजचं आधी सपाट कापून मग उभं करायचं खोकं तिथून आलं. माझ्या चुकीतून असं काही निघालं नाही. मी बराच वेळ त्या फुगलेल्या खोक्याकडे बघत होते, म्हटलं सुचलं तर सुचलं, पण नाही.

मग त्यांच्या परचेस मॅनेजरसमोर जायची वेळ आली. मी आधी दहा वर्षं नोकरी केलीय आणि नोकरीत माझ्या सगळ्या चुका कर्ता नसलेल्या वाक्यांत झाल्या होत्या. मेल सुटला नाही. फाईल राहून गेली. आकडा इकडचा तिकडे झाला. जणू आकडे रात्री उठून आपापले फिरायला जातात. इथंही माझ्या जिभेवर "मापात जरा गडबड झालीये" हे अगदी तयार होतं. पण गडबड कुणी केली म्हणून विचारलं तर दाखवायला माझ्याकडं डिपार्टमेंटच नव्हतं. एक मामा होते, आणि त्यांनी तर विचारलं होतं! म्हणून मग तोंडातून निघून गेलं, "चूक माझी आहे. मी बाहेरचं माप धरलं. नवीन खोकी करून देते, माझ्या खर्चानं."

त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाह्या सरसावून भांडायच्या तयारीनं बसला होता बिचारा, ती सगळी तयारी वाया गेली. दोनदा तोंड उघडून मिटलं आणि मग म्हणाला, "बरं. कधी देताय?" मी म्हटलं चार दिवसांत.

चार दिवस कुठून आले? हवेतून. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच या रोगाला नाव देऊन ठेवलंय, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे आधीच्या प्रत्येक वेळी उशीर झालेला असतो, आपल्याला तो आठवत पण असतो, तरी या वेळी मात्र सगळं वेळेवर होणार अशी आपली मनापासून खात्री असते. मला सहा दिवस लागले, दोन रात्री मशीन चालू ठेवून. मामांनी या सगळ्यात एकदासुद्धा "मी विचारलं होतं" असं म्हटलं नाही, त्याचा जास्त त्रास झाला. फक्त नवीन माप लिहून घेताना म्हणाले, "आतलं ना?" आणि मी म्हटलं, "आतलं, मामा."

ती २००० खोकी काही वर्षं झाली तरी संपलेली नाहीत. सपाट गठ्ठ्यांनी पडून आहेत. आमच्या घरात आता हिवाळ्याचे कपडे, मुलाची खेळणी, जुनी बिलं, सगळं ३१६ मिलीमीटरच्या आत राहायला शिकलंय. आणि मला ती सवय लागलीये ती वेगळीच. कुणी काही सांगितलं की मी विचारते, आतलं की बाहेरचं? नवरा परवा गाल फुगवून बसला होता, काय झालं म्हटलं तर म्हणे काही नाही. मी विचारलं हे बाहेरचं माप झालं, आतलं सांग. सांगितलं त्यानं, अर्धा तास. तेव्हापासून विचारताना जरा वेळ बघून विचारते.

हिशोब हा प्रकार मात्र मला अजून पचलेला नाही. वर्ष संपल्यावर अकाउंटंट म्हणाले, "अभिनंदन मॅडम, नफा झालाय." मी आनंदानं बँकेचं खातं उघडून बघितलं तर तिथं कुणी अभिनंदन केलेलं दिसत नव्हतं. मग त्यांनी समजावलं की बिल फाडलं त्या दिवशी ती विक्री धरली जाते, पैसे येवोत न येवोत, आणि तुमचा नफा आहे हो, पण तो थोडा गोडाऊनमध्ये कागदाच्या रिळांच्या रूपात उभाय आणि बाकीचा कस्टमरकडे राहायला गेलाय. ही डेबिट-क्रेडिटची दुहेरी नोंद १४९४ साली व्हेनिसमध्ये पहिल्यांदा नीट छापून लोकांपुढे मांडली लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूनं. ज्यांनी गरिबीचं व्रत घेतलेलं असतं, ते फ्रान्सिस्कन. मला एकदम उलगडाच झाला. कागदावर श्रीमंत आणि हातात काही नाही, ही अवस्था त्या माणसाला आतून माहीत असणार.

तर ते कस्टमरकडे राहायला गेलेले पैसे. ७४ दिवस. मामांना उद्या पगार द्यायचाय आणि कागदवाला मला आज सकाळीच फोन करून गेला, त्याला काच-बिच पुसावी लागत नाही, थेट विचारतो. मी कडा पुसून संपवल्या, चार्जिंगचं भोक फुंकून बघितलं, पाणी प्यायले आणि लावला फोन.

"नमस्कार सर."

"अरे मॅडम! बोला बोला. तुमचीच आठवण काढली होती, नवीन ऑर्डर द्यायचीये." ही यांची जुनी ट्रिक. पहिल्या वर्षीची मी इथंच विरघळले असते आणि वर माप लिहून घेतलं असतं.

"देऊया ना सर. त्याच्या आधी मागचं बिल. ७४ दिवस झालेत. आज किती वाजेपर्यंत पाठवताय?"

आणि गप्प बसले. अगदी नवऱ्यानं शिकवलं तस्सं. एक, दोन, तीन. पलीकडून काही नाही. चार, पाच. घशात "नाही म्हणजे तुमच्या सोयीनं" असं काहीतरी वर यायला लागलं, गिळलं. आठ, नऊ, दहा. दहा! मी आयुष्यात कधी दहापर्यंत पोचले नव्हते. तिकडं मामा मशीन बंद करून माझ्याकडे बघत होते, मी त्यांना हातानं थांबा म्हटलं. पंधरा. वीस. तीस. हा माणूस पण कसलेला निघाला, पण आज मी हटणार नव्हते, माझ्या पाठीचा कणा मला स्वतःला जाणवत होता. चाळीसला मामा हळूच जवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या मोबाईलकडे बघितलं आणि म्हणाले,

"ताई, रेंज गेलीये."

मी काच परत पुसायला घेतली.