माहिती दडवण्यामागची भीती
कामाच्या ठिकाणी सहकारी केवळ स्वार्थापोटी माहिती दडवतात, असे एका लेखात वाचले; ते म्हणणे मला अपुरे वाटते. कामाच्या ठिकाणच्या वर्तनाच्या अभ्यासक कॅथरीन कॉनेली व त्यांच्या सहसंशोधकांनी २०१२ मध्ये या वर्तनाचे तीन प्रकार मांडले: टोलवाटोलवी करणे, माहीत नसल्याचे सोंग घेणे आणि न सांगण्याचे कारण देणे; यांपैकी तिसऱ्यात फसवणूक असतेच असे नाही. काम एकत्र पण मूल्यमापन मात्र एकेकट्याचे, आणि प्रकल्प संपताच सगळे पांगणार, अशा रचनेत हात आखडता घेतला जाणारच. आमच्याकडील एक सहकारी सर्व्हरची अडचण विचारली की, ‘थांब, मीच करून देतो’ म्हणत कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेई. आधीच्या नोकरीत स्वतःजवळची सगळी माहिती लिहून दिल्यावर महिन्याभरातच त्याला कमी केले होते, हे मला फार उशिरा कळले.