रात्री जेवला होता का?

क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ, म्हणजे प्रत्यक्ष गावात जाऊन साथीचं मूळ शोधणारे तज्ज्ञ, घडवायला हवेत, हा तुमच्या लेखातला मुद्दा शंभर टक्के पटला. फक्त बिहारमधल्या मुझफ्फरपूरचा उल्लेख यायला हवा होता. तिथे दर मे-जूनमध्ये लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावत. कुणी मेंदूज्वर म्हणे, कुणी उष्माघात. २०१४ मध्ये राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था सीडीसी यांच्या पथकाने दोन रुग्णालयांतल्या ३९० मुलांचा अभ्यास केला. त्यातली १२२ मुलं गेली. झटके आलेली आणि दुसऱ्याच आजाराने दाखल झालेली, दोन्ही मुलांबद्दल प्रश्न तेच: लिची खाल्ली का? रात्री जेवला होता का? लिचीतल्या विषारी द्रव्याने उपाशीपोटी रक्तातली साखर झपकन उतरते, हे त्यातून पुढे आलं. मुलांना रात्री जेवू घाला, आणि झटके आले तर आधी साखर तपासा, एवढा साधा सल्ला निघाला.

मी स्वतः आरोग्य सेवक होतो. एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. आम्ही पाण्यात टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग पावडर) टाकत सुटलो होतो. जिल्ह्याहून आलेल्या मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर गावाचा नकाशा काढला, रुग्णांच्या घरांवर फुल्या मारल्या. सगळ्या फुल्या नळाच्या पाइपलाइनवरच्या एकाच व्हॉल्व्हच्या पुढच्या. जाऊन पाहिलं तर व्हॉल्व्ह गटारात बुडालेला! मॅडम हे प्रशिक्षणात शिकल्या होत्या. आम्हाला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

साथीचा असा शोध शिकवणारे तीन महिन्यांचे प्राथमिक अभ्यासक्रम आहेत, ते आरोग्यसेविकांपर्यंत न्या. आणि शिकलेल्यांना नुसतं मीटिंग आणि रिपोर्टात अडकवू नका, गावात जाऊ द्या.