नीतीचा निकाल पहिल्याच भागात कसा लावावा

नेटफ्लिक्सवर ७ मे २०२१ रोजी आलेल्या ‘ज्युपिटर्स लेगसी’ या मालिकेचे एकूण आठ भाग आहेत. तिच्याविषयी ठाम मत द्यायचे असेल, तर त्यांतला पहिला भाग आणि शेवटच्या भागातील अखेरची वीस मिनिटे एवढा ऐवज पुरेसा आहे. ज्यांनी मधले सहा भागही इमानेइतबारे पाहिले, त्यांची मते गुळमुळीत होतात, त्यांना दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटू लागते आणि चार माणसांत त्यांचे कोणी ऐकत नाही. तुमच्यावर ही पाळी येऊ नये, म्हणून पुढील सूचना.

कथानक माहीत असणे आवश्यक नाही, पण नावे माहीत असावीत. शेल्डन सॅम्पसन ऊर्फ युटोपियन हा जगातला सर्वांत बलाढ्य माणूस. १९२९ च्या मंदीनंतर एका गूढ बेटावर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना अचाट शक्ती मिळाल्या आणि तेव्हापासून तो एक आचारसंहिता पाळत आला आहे : कोणाचा जीव घ्यायचा नाही आणि लोकांवर राज्यही करायचे नाही. ग्रेस ही त्याची पत्नी, ब्रँडन हा मुलगा, क्लोई ही मुलगी आणि वॉल्टर हा थोरला भाऊ. जवळजवळ शतक उलटले, गुन्हेगार अधिक क्रूर झाले, पण शेल्डनरावांची संहिता जागची हललेली नाही. मुलांना ती जाचते. मार्क मिलार आणि फ्रँक क्वाइटली यांची मूळ कॉमिक्स २०१३ पासून निघाली, पण या तपशिलाचा तुम्हाला काहीही उपयोग नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू, कारण तुमचे सगळे मत त्यावरच उभे राहायचे आहे. छातीत प्रतिद्रव्याची (अँटिमॅटरची) बॅटरी बसवलेला ब्लॅकस्टार नावाचा खलनायक पहिल्याच भागात थैमान घालतो. तरुण फळीतले काही जण त्याच्या हातून मरतात, शेल्डन स्वतः मार खात असतो, ग्रेसचेही काही चालत नाही. अशा वेळी ब्रँडन पुढे होतो आणि एका ठोशात त्याचा खेळ खलास करतो. आईवडिलांचे प्राण वाचतात, संहिता मोडते आणि बाप मुलाला जवळ घेण्याऐवजी त्याच्याकडे अशा नजरेने पाहतो, जणू त्याने वडिलोपार्जित जमीन विकून खाल्ली आहे.

येथे मालिका थांबवावी आणि मत तयार करावे. पंचविशीच्या आतील वाचकांनी असे म्हणावे की, मुलाने जीव वाचवला आणि बापाने प्रवचन दिले, ही मागची पिढी अशीच. पंचेचाळिशीच्या पुढील वाचकांनी म्हणावे की, नियम म्हणजे नियम, तो सोयीनुसार वाकवला तर नियम कसला. (हे सांगताना आपण सकाळीच नो-एंट्रीतून स्कूटर काढली होती याचा विचार करू नये, कारण तो रस्ता तेवढाच आहे आणि तिकडून सगळेच जातात.) मधल्या वयाच्या वाचकांची थोडी पंचाईत होते. त्यांनी आपण मुलांच्या शाळेची फी भरतो की अजून आईवडिलांच्याच घरात राहतो, हे पाहून बाजू निवडावी. कोणत्याही परिस्थितीत बाजू आधी आणि कारण नंतर, हा क्रम चुकवू नये. आणि घरातला एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मध्येच ‘पण बाबा, ब्रँडनने मारले नसते तर सगळेच मेले असते ना?’ असे विचारू लागला, तर त्याला मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नकोस असे बजावावे आणि मग पिढ्यांमधील संवाद तुटत चालल्याबद्दलचे आपले विवेचन पुढे चालू करावे.

पुढे असे उघड होते की खरा ब्लॅकस्टार तुरुंगातच होता आणि ब्रँडनने ज्याला मारले ती त्याची कोणीतरी मुद्दाम घडवलेली प्रतिकृती होती. म्हणजे शिक्षा झाली ती भलत्यालाच, आणि ती प्रतिकृती होती म्हणून ते माणूस मारणे नव्हे काय, असा एक प्रश्न शिल्लक राहतो. या प्रश्नात शिरू नये. त्यात एकदा शिरलेला प्रेक्षक दोन-तीन दिवस बाहेर येत नाही, आणि तोवर मत देण्याची वेळ टळून जाते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आपल्याकडेही अनेकांनी ‘असाच न्याय हवा’ म्हणून समाधान व्यक्त केले. पुढे माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक खरी नसल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा फुले परत गोळा करायला कोणी गेले नाही. तुम्हीही जाऊ नये. ब्रँडनच्या ठोशाला टाळ्या वाजवून झाल्या असतील, तर प्रतिकृतीचा भाग आपल्याला फारसा आठवत नाही असे सांगून मोकळे व्हावे.

मालिकेचा मोठा हिस्सा १९२९ आणि त्यानंतरच्या काळात घडतो. वर्तमानकाळातील मारामारी ऐन रंगात आली की गोष्ट एकदम टोप्या, कोट आणि जहाजांच्या जगात जाते. याविषयीचे प्रमाण मत ‘किती रटाळ, गोष्ट पुढेच सरकत नाही’ असे आहे आणि ते जसेच्या तसे वापरण्यास हरकत नाही. हा भाग दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारत पार करावा. मात्र उड्या मारताना चुकूनही थांबू नये, कारण थांबलात तर गच्चीवरचा तो प्रसंग दिसण्याचा धोका आहे, जिथे पोलाद कारखान्याचा मालक चेस्टर सॅम्पसन शेअर बाजार कोसळल्यानंतर आपल्या मुलाच्या, म्हणजे शेल्डनच्या, डोळ्यांदेखत इमारतीवरून उडी घेतो. त्यानंतर शेल्डनला अर्धा चेहरा फुटलेला बाप जागेपणी दिसू लागतो, एक पवनचक्की दिसू लागते, लोक त्याला वेडा ठरवतात. शिवाय ज्या बापाला तो देव मानत होता, त्याचे व्यवहार धुतल्या तांदळासारखे नव्हते हेही बाहेर येते.

हे सगळे पाहिले, तर मनात भलताच संशय येतो. तो असा की, ‘जीव घ्यायचा नाही, सत्ता घ्यायची नाही’ ही संहिता कोण्या संतवृत्तीच्या माणसाने फुरसतीत रचलेली नसून, सत्ता आणि पैसा हाती असलेल्या आपल्याच बापाचे काय झाले आणि त्याच्यापायी इतरांचे काय झाले, हे पाहून हादरलेल्या एका मुलाची ती प्रतिक्रिया असावी. म्हणजे आज मुलांना नियमांनी जखडणारा हा म्हातारा मुळात स्वतःच बापाच्या वाटेने जायला नकार देणारा पोरगा होता. ब्रँडन त्याच्याशी जसा भांडतो तसाच तोही एका मेलेल्या माणसाशी भांडतो आहे, आणि जिंकण्याची शक्यता दोघांनाही सारखीच कमी आहे. ही गोष्ट एकदा लक्षात आली की ‘जुनी पिढी विरुद्ध नवी पिढी’ असा सुटसुटीत सामना उरत नाही आणि बाजू घेणे अवघड होते. म्हणूनच जुना काळ पळवावा, आणि मग चहा पिताना शांतपणे विचारावे : ‘पण हा म्हातारा इतका हट्टी का आहे, हे मालिकेने कुठे दाखवलेच नाही!’

तसेच शेल्डन मन मोकळे करण्यासाठी ज्या माणसाकडे जातो, तो एकेकाळचा खलनायक असून कडेकोट तुरुंगात बंद आहे, हा तपशीलही दुर्लक्षित ठेवावा. सबंध जग ज्याला आदर्श मानते, त्याला मनातले बोलायला घरात, मित्रांत किंवा सहकाऱ्यांत एकही माणूस नाही आणि गजांआडच्या शत्रूसमोर मात्र तो मोकळा होतो, हे दृश्य फार वेळ पाहिले तर आपल्या ओळखीचे दोन-तीन वडीलधारे आठवू लागतात, आणि मनोरंजनाचा उद्देश तेथेच संपतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : केस. जॉश डुहामेल हा तेव्हा पन्नाशीही न गाठलेला नट येथे शंभरी ओलांडलेल्या वीराची भूमिका करतो, आणि त्यासाठी त्याला पांढरे लांब केस आणि पांढरी दाढी चिकटवली आहे. चिकटवली आहे हे दिसते. नैतिक प्रश्नांवर प्रेक्षकांचे कितीही मतभेद असोत, विगच्या बाबतीत सर्व वयोगटांत, सर्व विचारसरणींत असे एकमत होते की, तशी एकजूट एखाद्या पक्षाला साधली तर तो पक्ष कधीच हरणार नाही. कोणी अहिंसेच्या मर्यादांवर बोलू लागले आणि तुम्हाला सुचेनासे झाले, तर ‘ते सगळे ठीक आहे, पण तो विग’ एवढे म्हणावे. चर्चा तुमच्या हातात येते. ग्रेसच्या केसांवरही दोन वाक्ये तयार ठेवावीत.

मराठी प्रेक्षकाला येथे एक विशेष फायदा आहे. संहितेसाठी मुलांचे सुख पणाला लावणारा म्हातारा दिसताच त्याने भीष्मांचे नाव घ्यावे आणि ‘हे आपल्याकडे महाभारतात आधीच होते’ असे सांगून अमेरिकन लेखकांची कीव करावी. भीष्मांना मूल नव्हते, ही त्यातली अडचण कोणी दाखवत नाही. दुसरा फायदा अधिक मोठा. शेवटच्या भागात असे कळते की या सगळ्या कारस्थानामागे जुना मित्र जॉर्ज नसून सख्खा काका वॉल्टर आहे. ब्लॅकस्टारची प्रतिकृती त्यानेच घडवलेली, आणि मार्गात आलेल्या स्वतःच्या मुलीचाही बळी घ्यायला तो मागेपुढे पाहत नाही. बाहेरचे प्रेक्षक यावर चकित झाले असतील. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचे काय झाले, हे शाळेपासून ऐकत आलेल्या आणि काका-पुतण्यांच्या राजकारणावर ज्यांची सकाळची वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे चालली, त्या महाराष्ट्रातील प्रेक्षकाने चकित होणे लाजिरवाणे आहे. पुतण्याच्या पाठीवर काका प्रेमाने हात ठेवतो, त्याच क्षणी आपण ओळखले होते, असे सांगावे. प्रत्यक्षात त्या वेळी आपण दुसऱ्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावत होतो, हे घरच्यांनाच माहीत असते आणि घरचे बोलत नाहीत.

एवढे झाल्यावर वॉल्टरचा युक्तिवाद मात्र कानावर पडू देऊ नये. तो म्हणतो, एवढी शक्ती आणि एवढी बुद्धी हाताशी असताना लोकांना आपल्या कर्माने बुडू द्यायचे, ही माणुसकी की पळपुटेपणा? प्रश्न खलनायकाच्या तोंडी असला तरी प्रश्न खोटा ठरत नाही, आणि या मालिकेचा खरा तंटा ठोशापेक्षा याच मुद्द्यावर आहे. प्रेक्षकांच्या मतांमध्ये हा मुद्दा शोधूनही फारसा सापडत नाही. जीव घ्यावा की न घ्यावा यावर सगळे भांडतात, राज्य करावे की न करावे यावर कोणी नाही. याचे कारण बहुधा असे असावे की, बलवान आणि हुशार माणसाने एकदा येऊन सगळे सरळ करून टाकावे, ही इच्छा आपल्यापैकी बहुतेकांना तंट्याचा विषयच वाटत नाही.

तुलना हवीच. त्याच वर्षी मार्चच्या अखेरीस दुसऱ्या कंपनीवर ‘इन्व्हिन्सिबल’ ही बाप-मुलाच्या झगड्याचीच अतिमानवी मालिका आली होती. त्यामुळे ‘ही तिची नक्कल’ असे बिनदिक्कत म्हणावे, किंवा ती आवडली नसेल तर उलट म्हणावे. तारखा तपासू नयेत.

शेवटचा टप्पा मालिका बंद पडल्यानंतरचा. चार आठवडेही उलटले नव्हते, तोच २ जून २०२१ रोजी जाहीर झाले की कलाकारांना करारातून मोकळे केले आहे, म्हणजे दुसरा हंगाम येणार नाही. या दिवसापर्यंत तुमचे मत ‘वेळेचा अपव्यय’ असे असेल, तर ते संध्याकाळच्या आत ‘एका गंभीर कलाकृतीची गळचेपी’ असे करून घ्यावे. ज्यांनी सहा भाग पळवले त्यांनीच ‘पात्रे उभी राहायला वेळ द्यायला हवा होता’ असे म्हणावे. निर्मिती चालू असताना मूळ सूत्रधार स्टीव्हन डीनाईट मतभेदांमुळे बाहेर पडले होते आणि सांग क्यू किम यांनी सूत्रे घेतली होती. ही माहिती येथे हळूच वापरावी, म्हणजे आपल्याला आतल्या गोटातले कळते असे वाटते. आणि सह्या गोळा करणाऱ्या एखाद्या अर्जावर आपलीही सही ठोकून द्यावी.

एखादा आगाऊ वाचक तुम्हाला गाठून सांगेल की, पुढची गोष्ट अडलेली नाही, ती कॉमिक्समध्ये केव्हाच छापून आली आहे. तेथे काका आणि पुतण्या मिळून शेल्डनचा काटा काढतात, देश काकांच्या सल्ल्याने चालू लागतो आणि तरीही सुधारत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि ‘वाचायला हवे एकदा’ असे म्हणून त्याला वाटेला लावावे. ते अंक मात्र घरी आणू नयेत. कुठल्याशा रविवारी दुपारी घरातला कोणी तरुण ते वाचून काढील आणि रात्रीच्या जेवणाला तुमच्या समोर येऊन बसेल.