अजून दोन वर्षं थांब

लंडनच्या हॅरो भागात माझा मित्र दिलीप राहतो. त्याच्या घरी जिन्याखाली एक कोनाडा आहे. त्यात व्हॅक्यूम क्लीनर, भारतवारीच्या रिकाम्या बॅगा आणि बोर्दोमधल्या पोयाक गावची 2010 सालची रेड वाइन, असा संसार आहे. व्हॅक्यूम क्लीनर बाहेर काढायचा तर वहिनींना दिलीपची परवानगी लागते. बाटल्यांना हादरे चालत नाहीत.

ही वाइन त्याने पिंपात असतानाच घेतली. पुण्यात पाया खणायच्या आधी फ्लॅट बुक करतात, तसे 2011 मध्ये पैसे भरले आणि दोनेक वर्षांनी ताबा मिळाला. पण ताबा मिळाला म्हणून लगेच प्यायची नसते. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची, अंधारात ठेवायची, बारा-तेरा अंशांत ठेवायची, आणि अधूनमधून एखादी फोडून ‘कुठवर आलीये’ ते बघायचं. हे बघायला तो आम्हाला जेवायला बोलावतो. जेवण उत्तम असतं, पण मत द्यावं लागतं.

पहिल्या खेपेला त्याने पांढऱ्या टेबलक्लॉथवर ग्लास तिरका धरून कडेचा रंग दाखवला. पार काठापर्यंत जांभळा. मी घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली, हिरड्या आवळल्या. “टॅनिन!” दिलीप कौतुकाने म्हणाला. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून हा तुरटपणा येतो. वर्षानुवर्षं त्याचे रेणू एकमेकांना जुळत जातात, जड होऊन तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. तोवर पिणाऱ्याने सोसायचं. त्यात वहिनी नागपूरच्या, म्हणजे मटण सावजी. मटणाने टॅनिन नरमतं हे खरं, पोयाकचे लोकही या वाइनबरोबर कोकराचंच मटण खातात. पण त्यांच्या कोकराला सावजी मसाला लागलेला नसतो. दुसऱ्या घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिलीपला वाटलं, भारावलो.

“अजून लहान आहे,” असा निकाल लागला.

पुढे एकदा गेलो तर ग्लासातून ना वास, ना धड चव. हेही म्हणे चांगलंच लक्षण. ठेवणीतल्या वाइन मध्येच काही वर्षं मुक्या होतात, मग पुन्हा बोलायला लागतात, असं जाणकार मानतात. मला ही व्यवस्था फार आवडली. तुरट असेल तर लहान, गप्प असेल तर मुकी आणि पाणचट झाली तर ‘तिचा काळ होऊन गेला.’ वाइन सरळसरळ वाईट आहे असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही! बोर्दोच्या मानाच्या वाइनची प्रतवारी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी केली, तीही मुख्यतः बाजारभाव बघून. म्हणजे महाग का, तर चांगली म्हणून, आणि चांगली का, तर महाग म्हणून. 1973 मध्ये एका वाइनला वरच्या श्रेणीत बढती मिळाली, एवढाच काय तो गाजलेला फेरफार. आमच्या दिलीपची बाटली त्या यादीतल्या पाचव्या श्रेणीची. पाचव्या श्रेणीचा हा तोरा, तर पहिलीवाल्यांच्या घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल का, मला शंका आहे.

बोर्दो विद्यापीठातल्या प्रयोगाची गोष्टही मी एकदा त्याच्या टेबलावर सांगितली. पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग घालून वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. त्यानंतर बराच काळ आम्हाला बोलावणं नव्हतं.

मग 19 जुलै 2022 उजाडला. इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळिशीच्या वर गेला, त्या दिवशी मी सहज डोकावलो. घरात एकच टेबलफॅन, तो जिन्याखाली लावलेला. दिलीप उघडाबंब, पंचे भिजवून बाटल्यांना गुंडाळतोय. “चाळीस?” वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडे याला चैत्र म्हणतात. भाऊजी, सरबत घ्या, पण पंखा मागू नका.”

त्या उन्हातून काय वाचलं ते बघायला पुढची बाटली फोडली. आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली, गाळ तळाशी बसावा म्हणून. दिलीप मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून थेंबाथेंबाने काचेच्या सुरईत ओतत होता. गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली तसा हात थांबवला. आम्ही हुंगलं. कुणी देवदार म्हणालं, कुणी सिगारची पेटी. मी पेन्सिलीला टोक केल्याचा वास सांगितला. पोयाकला हे नेहमी चालतं. वहिनी पीत नाहीत, पण दूध नासायच्या आधी त्यांना कळतं. त्यांनी ग्लास नाकाशी नेला. “भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास येतोय.”

खरंच येत होता. याला बूच लागणं म्हणतात. बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाने वाइन बिघडते, त्यात उन्हाचा किंवा साठवणीचा दोष नसतो. दिलीप कोसळेल असं वाटलं होतं, पण तो चक्क खुलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बाटलीबद्दल काहीतरी ठाम बोलता येत होतं! त्याने तिघांना फोन करून सांगितलं.

त्याच जोशात त्याने दुसरी उघडली. कडेला विटेचा रंग, तुरटपणा उरलाय तो पुरता शहाणा झालेला, आणि पेन्सिलीचा वास या खेपेला न शोधता आला. साधी गोष्ट, वाइन सुंदर होती. आम्ही सुरई संपवली आणि मी म्हटलं, “झाली की तयार! आता उरलेल्या या दिवाळीला संपवू.”

“वेडा आहेस का?” दिलीप म्हणाला. “आत्ताच एवढी चांगली आहे, म्हणजे अजून दोन वर्षं थांबायलाच हवं.”

वहिनी व्हॅक्यूम क्लीनर काढायला उठल्या. या वेळी त्यांनी विचारलं नाही.